माकडाच्या हाती व्हायोलिन

वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनांच्या घोळक्यात अगदी शेवटी, पडद्याला टेकेल अशी एक खुर्ची असते. तिच्यावर बसणाऱ्याला विंगेतला वारा सगळ्यात आधी लागतो आणि टाळ्या सगळ्यात शेवटी पोचतात. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं बदलतात, म्हातारी होतात, भांडून सोडून जातात. ही खुर्ची मात्र ज्याच्या नशिबी आली त्याची होऊन बसते. वीसेक वर्षांपूर्वी ती धाकट्याच्या नशिबी आली.

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. लहानपणी दादाने त्याला धाकटा म्हणायला सुरुवात केली, आणि पन्नाशी उलटून डोक्यावरचं छप्पर उडालं तरी त्यात बदल झाला नाही. "धाकट्या, जरा खिडकी लाव," असं दादाने म्हटलं की हा गृहस्थ चष्मा सावरत उठायचा आणि खिडकी लावायचा. वाद्यवृंदात तर त्याला तेवढंही नाव नव्हतं. तिथे त्याला 'शेवटचे' म्हणत. "शेवटचे, जरा दार ओढून घ्या."

वडील गेले तेव्हा दादाला नुकती मिसरूड फुटत होती. त्याने शाळा सोडली, वडिलांचं नळ-पाइपांचं दुकान सांभाळलं आणि धाकट्याला मात्र व्हायोलिन शिकू दिलं. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. धाकट्यानेही कधी विचारलं नाही, कारण दादाला असलं काही विचारलं की तो उठून दुकानातल्या वॉशर मोजायला लागायचा. एवढं मात्र खरं की दादा नसता तर धाकटाही आज गल्ल्यावर बसून अर्ध्या इंचाचे सांधे विकत असता. आणि ते त्याने वाजवण्यापेक्षा बरं केलं असतं, असं त्याचं स्वतःचं प्रामाणिक मत होतं.

तर या दादाचा एक प्रश्न होता. घरात चार माणसं जमली की तो हमखास निघायचा.

"मला एक सांग धाकट्या. तुम्ही एवढे सगळे एकदम एकच वाजवता. त्यातला एखादा घरी झोपून राहिला, तर ते कळतं का कोणाला?"

"दादा, तसं नसतं रे ते."

"मग कसं असतं? जो नळ बंद केला तरी पाणी तेवढंच येतं, तो नळ बसवायचा कशाला?"

सगळे हसायचे. दादाच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं. धाकटाही हसायचा आणि विषय बदलायचा, कारण त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला चांगलं ठाऊक होतं. उत्तर असं होतं की कळत नाही. कळत नाही हे तो दर महिन्याला, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर, स्वतः सिद्ध करून दाखवत होता.

वादकांच्या भाषेत त्याला 'हवेत वाजवणं' म्हणतात. एखादी जागा फार जलद असली, बोटं पोचेनाशी झाली, की गज तारेला लावायचाच नाही. केसभर वर धरायचा आणि बाकीच्यांबरोबर खालीवर करत राहायचा. हात सगळ्यांसारखे हलतात, मान सगळ्यांसारखी डोलते, चेहऱ्यावर भाव सगळ्यांपेक्षा जास्त येतात, कारण बाकीच्यांना वाजवायचं असतं आणि आपल्याला फक्त भाव आणायचे असतात. थोडंफार हवेत सगळेच वाजवतात. पण धाकट्याने ती कला फार वर नेली होती. गज कुठे उचलावा आणि कुठे अलगद खाली उतरावा, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एवढी मेहनत वाजवण्यात घेतली असती तर आपण आज दुसऱ्या-तिसऱ्या खुर्चीवर असतो, असं त्याला कधीकधी वाटायचं. पण ते वाटून जायचं.

त्या महिन्यात रशियन संगीताची संध्याकाळ ठरली. पूर्वार्धात व्हायोलिनची एक मोठी रचना होती, तीन भागांची, आणि ती वाजवायला एक तरुण बाई परगावाहून पाहुणी म्हणून येणार होती. वहिनीने परस्पर दोन पास मागितले.

"भावजी, ह्यांना एकदा घेऊन येते. नुसते घरी बसून प्रश्न विचारतात, समोर बसून बघू देत."

दादा येणार म्हटल्यावर धाकटा घाबरला. आणि घाबरला की हा माणूस बढाया मारतो, ही त्याची जुनी खोड. फोनवर त्याने दादाला सांगून टाकलं, "तिसऱ्या भागाच्या शेवटी एक जबरदस्त धावती जागा आहे. तिथे माझ्याकडे बघ. गज नुसता दिसणारसुद्धा नाही, एवढ्या वेगात जातो."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की ज्या जागी त्याने आयुष्यात एकदाही खरं वाजवलं नव्हतं, नेमकी तीच जागा त्याने दादाला बघायला सांगितली होती. त्याचा गज तिथे इतका सुरेख पळायचा तो तारेची अडचण नव्हती म्हणूनच.

ही धावती जागा संपली की त्या रचनेत एक गंमत आहे. सगळा वाद्यवृंद भरधाव येतो आणि कड्यापाशी येऊन थांबावा तसा थांबतो. सगळं चिडीचूप. कोणी श्वासही घेत नाही. मग त्या शांततेत पाहुणीचं एकटं व्हायोलिन हळूच बोलायला लागतं. तालमीत वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरने काठी आपटून चारचारदा बजावलं होतं, "या शांततेत रचनेचा सगळा जीव आहे. इथे कोणाची खुर्ची जरी कुरकुरली, तरी मी त्याला बाहेर काढीन." धाकट्याने इतरांबरोबर गंभीरपणे मान हलवली. त्याला काय भीती! जो वाजवतच नव्हता, त्याने थांबायची चिंता कशाला करायची?

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. दादा तिसऱ्या रांगेत कडेला बसलेला दिसला, लग्नातला कोट घालून, हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसा. शेजारी वहिनी. धाकट्याने मान उंच करून बघितलं. पण त्याच्या आणि दादाच्या मध्ये एवढी डोकी, एवढे गज आणि भलंमोठं वाद्य गुडघ्यांत धरलेला एक जाडजूड चेलोवाला होता, की दादाला आपला फार तर एक कान दिसत असेल, असा त्याने हिशेब केला. त्याला हायसंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

पाहुणी आली. बारीक चणीची, काळ्या पोशाखातली, आणि तिच्या हातात ते व्हायोलिन. वादकांच्या खोलीत दोन दिवस त्याच्याचबद्दल कुजबुज चालू होती. शेकडो वर्षांचं जुनं, कुठल्याशा संस्थेने तिला वापरायला दिलेलं. शिंकताना सुद्धा लोक त्याच्यापासून तोंड वळवत होते.

पहिला भाग सुरू झाला आणि धाकटा नेहमीप्रमाणे जमेल तिथे वाजवत, न जमेल तिथे डोलत पुढे निघाला. भाग संपत आला असताना, पाहुणी अगदी टिपेला पोचलेली असताना, टच्चकन आवाज झाला. तिच्या व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार तुटली.

अशा वेळी काय करायचं याची वाद्यवृंदात एक रीत आहे. वाजवणं थांबवायचं नाही. पाहुण्याने आपलं व्हायोलिन पहिल्या खुर्चीवरच्या म्होरक्याला द्यायचं आणि त्याचं घ्यायचं. म्होरक्याने ते तुटक्या तारेचं आपल्या मागच्याला द्यायचं आणि त्याचं घ्यायचं. त्याने त्याच्या मागच्याला. आग विझवताना बादल्या पोचवाव्यात तसं ते अधू व्हायोलिन हातोहात मागे सरकत जातं आणि शेवटच्या खुर्चीवर येऊन थांबतं. शेवटच्या खुर्चीवाल्याने मग ते घेऊन गुपचूप विंगेत जायचं, तार बदलायची आणि परत यायचं. त्यासाठी त्याने कोटाच्या खिशात तारांचं एक पाकीट कायम बाळगायचं. धाकटा ते वीस वर्षं बाळगत होता. छत्री जवळ असली की पाऊस पडत नाही, तशी आजवर एकदाही तार तुटली नव्हती. वाद्यवृंदाला त्याची गरज पडू शकेल असं हे एकच काम होतं, आणि तेही दादा समोर बसलेला असताना अंगावर आलं.

बघता बघता त्याचं स्वतःचं व्हायोलिन पुढच्याच्या हातात गेलं आणि ते शेकडो वर्षांचं प्रकरण याच्या मांडीवर आलं. त्याच्या शेजारी बसणारी बाई, जिने इतक्या वर्षांत त्याचं हवेत वाजवणं जवळून बघूनही कधी चकार शब्द काढला नव्हता, ती पुटपुटली, "उठा ना! कोणाची वाट बघताय?"

धाकटा उठला. भर कार्यक्रमात, सगळे वाजवत असताना, एकटा उठून वाकून चालत बाहेर गेला. जाताना त्याने तिरक्या नजरेने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. दादा खुर्चीतून अर्धा उठला होता आणि वहिनी त्याचा कोट धरून खाली ओढत होती. याला हाकलून दिलं, अशीच त्याची समजूत झाली असणार. धाकट्याच्या मनात आलं, आयुष्यात पहिल्यांदा दादाला आपण दिसलो, आणि तेही बाहेर जाताना.

विंगेत एका खोक्यावर बसून त्याने तार बदलली. हे काम त्याला येत होतं. नाकारण्यात अर्थ नाही. जुनी तार काढली, नवी अडकवली, खुंटी पिळली आणि सूर जुळवायला गज अगदी हलके, नुसता टेकवावा तसा टेकवला.

व्हायोलिन बोललं. धाकटा दचकला. त्याने मागे वळून बघितलं, कारण हा आवाज आपण काढला असेल यावर त्याचा विश्वास बसेना. त्याच्या स्वतःच्या व्हायोलिनला दहा वेळा विनवण्या कराव्यात तेव्हा कुठे ते कुरकुरत एक सूर द्यायचं. आणि हे! याला नुसतं विचारायचा अवकाश. विंगेतला पडदे ओढणारा बोट ओठांवर ठेवून डोळे वटारायला लागला, तेव्हा धाकट्याने घाईघाईने गज उचलला. 

तो परत येऊन बसेपर्यंत दुसरा, संथ भाग निम्म्यावर आला होता. आता वाद्यं परत ज्याची त्याला द्यायची तर मध्ये थांबायला हवं. पण या रचनेत दुसरा भाग संपतच नाही. तो सरळ तिसऱ्यात घुसतो. पाहुणी म्होरक्याच्या व्हायोलिनवर रमली होती. कंडक्टरने लांबूनच डोळ्यांनी खूण केली, राहू दे तिथेच.

शेजारीण कानाशी आली. "नुसतं धरून बसा. नवी तार आहे, उतरेल. वाजवू नका."

सल्ला सोळा आणे खरा होता. धाकट्याने व्हायोलिन मांडीवर उभं धरलं आणि शहाण्या मुलासारखा बसला. सगळे वाजवत होते. आणि त्याच्यावाचून काहीही, अगदी काहीही अडत नव्हतं.

तेवढ्यात त्याची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. दादा आता पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कोपरं टेकवून वाकला होता. मघाशी हा उठला तेव्हा कुठे बसतो ते दादाला समजलं होतं, आणि सापडलेली जागा तो आता सोडत नव्हता. चेलोवाल्याच्या खांद्यावरून तो थेट याच्याकडे बघत होता. गिऱ्हाइकाने परत आणलेला नळ हातात घेऊन दुकानात तो जसा बघायचा, तसा. यात दोष आहे की नाही, ते ठरवणारी नजर.

आणि धाकट्याला कळलं की आपण आज, इथे, या क्षणी दादाच्या प्रश्नाचं उत्तर होऊन बसलो आहोत. एक नळ बंद आहे. पाणी तेवढंच येतंय. दादा बघतोय.

त्याला रडू आलं असतं. इतक्या वर्षांत हसण्यावारी नेलेलं सगळं एकदम आठवलं. एकदा तरी, फक्त एकदा, आपण इथे आहोत हे त्या माणसाला दिसायला हवं होतं. ज्याने स्वतःचं दप्तर माळ्यावर टाकून याच्या हातात व्हायोलिन दिलं, त्याला ते हात मांडीवर ठेवलेले दाखवायचे?

तिसरा भाग सुरू झाला. धाकट्याने व्हायोलिन उचललं आणि हनुवटीखाली धरलं.

"अहो!" शेजारीण म्हणाली.

सुरुवातीला त्याचा बेत साधा होता. सोपं तेवढं वाजवायचं आणि ती धावती जागा आली की नेहमीसारखं हवेत जायचं. दादाला गज पळताना दिसला म्हणजे झालं. पण माकडाच्या हाती कोलीत आलं की माकडाचे बेत कोण विचारतो? या व्हायोलिनला लपणं माहीतच नव्हतं. धाकट्याने हळू वाजवलं तरी ते सभागृहाच्या पार शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन यायचं. पुढची दोन-तीन डोकी वळली. म्होरक्यानेही मान किंचित फिरवली, मागे कोणी नवीन माणूस घेतला की काय, अशा चेहऱ्याने.

आणि मग ती जागा आली. धाकट्याने सवयीप्रमाणे गज केसभर उचलला. पण हात थरथरत होता, गज खाली आला, तारेला पुसटसा लागला, आणि ते व्हायोलिन लगेच बोलून मोकळं झालं. परत उचलला, परत लागला. त्याच्या स्वतःच्या व्हायोलिनने असले शंभर स्पर्श पोटात घातले असते. याने एकही घातला नाही. हवेत वाजवायची सोयच राहिली नाही, तेव्हा धाकट्याने दात-ओठ खाल्ले आणि खरंच वाजवायला लागला.

चांगलं वाजवलं असं म्हणता येणार नाही. निम्मे सूर बरोबर आले, पाव आसपास आले, आणि उरलेले कुठून आले ते त्यालाही सांगता आलं नसतं. नवी तार उतरत होती. कपाळावरचा घाम चष्म्यात येत होता. पण तो वाजवत होता! सगळ्यांबरोबर धावत होता, धापा टाकत, मागे पडत, परत गाठत, आणि त्याला इतका आनंद झाला होता की तो कोणालाही ऐकू जाईल असं मोठ्याने हसला असता. आपण हे इतकी वर्षं का केलं नाही, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तेवढ्यात तो कडा आला.

सगळे थांबले. धाकटा थांबला नाही.

त्याचं असं होतं. हवेत वाजवताना कुठलीही धाव संपली की धाकटा शेवटी आणखी एक लांब, ऐटदार गज ओढायचा. लोकांना ते छान दिसायचं. नाहीतरी तो गज मुका असायचा, म्हणून शांततेत ओढला काय किंवा गोंगाटात ओढला काय, कोणाचं काही बिघडत नव्हतं. वीस वर्षांत ते हाताच्या अंगवळणी पडलं होतं. आजही हाताने आपलं काम चोख केलं. फक्त आज गज तारेवर होता.

त्या चिडीचूप सभागृहात एक सूर उमटला. एकटा, भरदार, लांबलचक. किंचित उतरलेला, पण असा गोड की त्याची चीड येणंही अवघड. तो छतापर्यंत गेला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि सावकाश, ऐटीत विझला.

 कंडक्टरची काठी हवेत तशीच राहिली आणि त्याचा चेहरा हळूहळू पहिल्या व्हायोलिनांच्या शेपटाकडे वळला. शेजारणीने डोळे मिटून घेतले. पाहुणीने भुवया उंचावल्या. आपला आवाज ती ओळखणारच. तो तिच्याच व्हायोलिनचा होता. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग तिने गज उचलला आणि आपलं एकटीचं वादन सुरू केलं.

पुढचं काही धाकट्याला आठवत नाही. व्हायोलिन मांडीवर घेऊन तो बसून राहिला, एवढं खरं. टाळ्या झाल्या, पाहुणी वाकली, सगळे उभे राहिले, तोही उभा राहिला. मध्यंतरात ज्याची त्याला वाद्यं परत गेली. आपलं व्हायोलिन घ्यायला पाहुणी स्वतः आली.

"तार छान बसवलीत," ती म्हणाली. "आणि तो सूरही छान होता. फक्त जागा माझी होती."

धाकट्याने माफी मागायला तोंड उघडलं, पण ती हसून निघून गेली.  कंडक्टर जाताना फक्त थांबला, त्याने याच्याकडे नखशिखान्त बघितलं, आणि पुढे गेला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मध्यंतरात वादकांना चहा घ्यायला बाहेर प्रेक्षकांच्याच दालनात यावं लागायचं. धाकटा भिंतीच्या कडेकडेने चालला होता. एखाद्या कुंडीमागे उभं राहून चहा प्यावा आणि दादाला उद्या फोन करून ताप आला होता असं सांगावं, असा त्याचा विचार होता. पण दादाने त्याला गाठलंच. माणसं बाजूला सारत तो आला आणि याच्यासमोर उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. वडील गेले तेव्हासुद्धा धाकट्याने ते असे बघितले नव्हते.

"अरे, सांगितलं का नाहीस?" दादा म्हणाला.

"काय?"

"एवढी माणसं, एवढा कल्लोळ चाललेला, आणि एकदम सगळे गप्प! सगळ्यांना गप्प केलं आणि तू एकट्याने वाजवलंस! आणि तुझं झाल्यावरच ती बाई सुरू झाली. तू खूण दिल्याशिवाय ती हलली नाही, मी नीट बघत होतो. आणि तू म्हणे शेवटच्या खुर्चीवरचा!" त्याने वहिनीकडे वळून बघितलं. "मी म्हटलं ना तुला, मघाशी त्याला मुद्दाम आत बोलावलं होतं? चांगलं व्हायोलिन द्यायला!"

 वहिनी कंडक्टरचा चेहरा बघूनच सगळं समजली होती. ती धाकट्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं की भावजी, गप्प बसा.

धाकटा गप्प बसायला एका पायावर तयार होता. असं कौतुक त्याच्या वाट्याला पुन्हा येणार नव्हतं. तो मान खाली घालून, नम्रपणे, "तसं काही विशेष नाही रे," असं म्हणणार, एवढ्यात तुतारीवाला हातात कप घेऊन जवळून गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून ओरडला, "शेवटचे, उद्याचा चहा तुमच्याकडून! सगळ्यांना!"

"चहा कसला?" दादाने विचारलं. "अभिनंदनाचा?"

धाकट्याने दादाकडे बघितलं. या माणसाला दुसरं कोणीही फसवलं असतं तर चाललं असतं.

"नाही दादा," तो म्हणाला. "दंड आहे तो. शांततेत जो वाजवेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, अशी रीत आहे आमच्यात. ती चूक होती. तिथे सगळ्यांनी गप्प बसायचं होतं. मीही गप्प बसायचं होतं. माझा हात थांबला नाही. ती काही माझ्या खुणेची वाट बघत नव्हती, मी तिची शांतता खाल्ली. झालं! कळलं आता?"

वहिनीने कपाळाला हात लावला.

दादा विचारात पडला. माल घ्यायच्या आधी तो असाच विचार करायचा, नळ उलटापालटा करून, आतून बोट फिरवून. आत घंटा वाजली. उत्तरार्ध सुरू व्हायचा होता. लोक कप ठेवून आत निघाले.

"म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं होतं," दादा म्हणाला.

"हो."

"आणि सगळे गप्प बसले."

"हो."

"आणि तू एकट्यानेच वाजवलंस."

"हो रे दादा, हो! तेच सांगतोय मी."

"मग मी तरी वेगळं काय म्हणतोय?"

 दादाने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, शाळेत पाठवताना करायचा तशी, आणि म्हणाला, "जा आता आत. आणि उद्याचा चहा मी पाठवतो. तू नुसतं वाजव."